वस्तरा

वस्तरा हे दाढी करण्यासाठी आणि डोके भादरण्यासाठी वापरले जाणारे, एकाच बाजूस धार असलेले आणि मुठीत मिटून ठेवता येणारे हत्यार आहे. त्याचे पाते अखंड पोलादाचे असते व ते पुन्हा पुन्हा धार लावून वापरले जाते. सध्या महाराष्ट्रातील बहुतेक केशकर्तनालयांत 'वस्तरा' म्हणून जे साधन दिसते त्याला स्वतःची धार नसते. त्यात अर्धे केलेले ब्लेड बसवतात आणि वापरानंतर ते टाकून देतात. या दोन्ही साधनांना मराठीत एकच शब्द असल्याने खरेदीच्या वेळी पुष्कळ घोटाळा होतो. या लेखात पहिल्या प्रकारास 'अखंड पात्याचा वस्तरा' व दुसऱ्यास 'ब्लेडचा वस्तरा' असे म्हटले आहे.

नाव

'वस्तरा' हा शब्द फारसीतील 'उस्तुरा' या शब्दावरून आला आहे. हिंदी व उर्दूत तो 'उस्तरा' असा रूढ आहे. संस्कृतात या हत्याराला 'क्षुर' म्हणतात आणि मराठीतील 'क्षौर' हा शब्द त्यावरूनच आला. 'श्मश्रू' हा दाढीचा वाचक असलेला संस्कृत शब्द जुन्या मराठीत दाढी करण्याच्या क्रियेलाही लावला जातो, तर बोलण्यात अरबीतून आलेला 'हजामत' हाच शब्द चालतो. मराठवाड्यात न्हाव्याला 'वारीक' असेही म्हणतात. ज्या पिशवीत किंवा गुंडाळीत वस्तरा, कातर, नराणी, चिमटा, आरसा आणि पाण्याची वाटी ठेवली जाते तिला 'धोकटी' म्हणतात. एखाद्याची कडक शब्दांत खरडपट्टी काढण्याला 'बिनपाण्याने करणे' म्हणतात. कोरड्या कातडीवरून वस्तरा फिरला की काय होते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला या वाक्प्रचाराचा अर्थ सांगावा लागत नाही.

रचना

अखंड पात्याच्या वस्तऱ्याचे मुख्य भाग दोन: पाते आणि मूठ. पात्याची जाड बाजू म्हणजे पाठ व पातळ बाजू म्हणजे धार. पात्याच्या मागील निमुळत्या भागाला बोट टेकवण्यासाठी वळलेले शेपूट असते आणि त्याच भागातून जाणाऱ्या खिळीने पाते मुठीला जोडलेले असते. मूठ दोन पट्ट्यांची असून तिच्या फटीत पाते मिटते. ती शिंगाची, हाडाची, लाकडाची, सेल्युलॉइडची किंवा प्लास्टिकची असते. जुने सेल्युलॉइड कालांतराने विघटित होऊन आम्लधर्मी वायू सोडते आणि त्याने मिटून ठेवलेले पाते आतल्या आत गंजते. जुना वस्तरा घेताना हे ध्यानात ठेवावे लागते.

पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजण्याचा प्रघात आहे. ४/८, ५/८, ६/८ आणि ७/८ ही मापे नेहमीची असून ५/८ म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर व ६/८ म्हणजे सुमारे १९ मिलिमीटर. अरुंद पाते नाकाखाली व ओठांच्या कोपऱ्यात सहज फिरते. रुंद पाते जड असते आणि ओला फेस अधिक धरून ठेवते. पात्याच्या दोन्ही अंगांना किती खोलगट घासले आहे यावरूनही प्रकार पडतात. अंगे जवळजवळ सपाट ठेवलेले पाते पाचरीसारखे दिसते. ते दांडगे केस न अडखळता कापते, पण निसण्यावर त्याला धार आणणे कष्टाचे असते. पूर्ण खोलगट पाते धारेपाशी अतिशय पातळ असल्याने किंचित लवते व दाढी करताना बारीक आवाज करते. अर्धखोलगट पाते या दोहोंच्या मधले. टोकही गोल, चौकोनी किंवा तिरपे असते. चौकोनी टोकाने मिशीची कड रेखीव निघते, मात्र नवशिक्याच्या कानाच्या पाळीला पहिली जखमही तेच करते.

या हत्याराची खरी युक्ती त्याच्या पाठीत आहे. धार लावताना वस्तऱ्याची पाठ व धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकवलेली असतात. त्यामुळे धारेचा कोन कारागिराच्या मनगटावर अवलंबून राहत नाही. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्या प्रमाणावरून तो आपोआप ठरतो. १९ मिलिमीटर रुंद पात्याची पाठ साडेपाच मिलिमीटर जाड असेल तर हा कोन सुमारे साडेसोळा अंशांचा होतो. स्वयंपाकघरातील सुरीला धार लावताना कोन हाताने धरावा लागतो, वस्तऱ्याला तो घडणीतच मिळतो. अर्थात घडण चुकली असेल तर कितीही घासले तरी धार येत नाही. स्वस्त आणि चांगल्या वस्तऱ्यातील मुख्य फरक इथेच असतो.

दख्खनचे पोलाद आणि वस्तरा

वस्तऱ्यासाठी साधारण एक टक्का किंवा त्याहून थोडा अधिक कार्बन असलेले पोलाद लागते. असे पोलाद मराठवाड्याच्या शेजारीच शतकानुशतके तयार होत असे. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेस, आजच्या तेलंगणातील निर्मलच्या परिसरात आणि निजामाबाद जिल्ह्यातील कोनासमुद्रम येथे मुशीत लोखंड वितळवून उच्च कार्बनचे पोलाद बनवले जाई. याच पोलादाला युरोपात 'वूट्झ' हे नाव पडले. ते कन्नड-तेलुगूतील 'उक्कू' या शब्दाचे अपभ्रष्ट रूप मानले जाते. कोनासमुद्रमच्या लाद्या इराणी व्यापारी तलवारींसाठी घेऊन जात.

१७९४ मध्ये मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी वूट्झचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले आणि पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांच्या परीक्षणावर निबंध वाचला. लंडनमधील जेम्स स्टोडार्ट हा शस्त्रक्रियेची हत्यारे बनवणारा कारागीर या पोलादाच्या इतका प्रेमात पडला, की आपल्या दुकानाच्या जाहिरातपत्रकावर वस्तरे वूट्झपासून बनवत असल्याचे आणि ते युरोपातील पोलादापेक्षा आपल्याला सरस वाटत असल्याचे त्याने छापले होते. पुढे त्याने मायकेल फॅरडे यांच्यासह पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले. ते १८२० ते १८२२ या काळात प्रसिद्ध झाले. दख्खनच्या पोलादाचे वस्तरे लंडनमध्ये विकले जात असताना त्याच शतकात दख्खनमधील भट्ट्या मात्र विझत गेल्या आणि धोकट्यांत शेफील्डचे व सोलिंगनचे वस्तरे आले.

शेफील्डला हा मान मिळाला तो १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन याने मुशीतील पोलादाची पद्धत बसवल्यामुळे. जर्मनीतील सोलिंगन शहराने एकोणिसाव्या शतकात पूर्ण खोलगट पात्यांमध्ये आघाडी घेतली. 'सोलिंगन' हे नाव त्या परिसरात न बनलेल्या पात्यांवर घालण्यास जर्मनीत १९३८ पासून कायद्याने बंदी आहे. किंग कॅम्प जिलेट यांच्या बदलत्या ब्लेडच्या यंत्राची विक्री १९०३ मध्ये सुरू झाली आणि दोन महायुद्धांच्या दरम्यान घरगुती दाढीतून वस्तरा जवळपास हद्दपार झाला. न्हाव्याच्या हातात मात्र तो राहिला.

मराठवाड्यातील वापर

कंधार हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण मन्याड नदीच्या खोऱ्यात असून तेथील भुईकोट किल्ल्यामुळे व राष्ट्रकूटकालीन अवशेषांमुळे प्रसिद्ध आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. गावगाड्यात न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर घरोघरी जाऊन हजामत करायची आणि सुगीला खळ्यावर ज्वारीचे बलुते घ्यायचे, असा व्यवहार होता. दाढीखेरीज जावळ, मुंजीचे व दहाव्याचे क्षौर, लग्नातील मानपान आणि निरोप्याचे काम त्याच्याकडे असे. तुंबड्या लावून रक्त काढण्याचे कामही तोच करी. 'रिकामा न्हावी भिंतीला तुमड्या लावी' ही म्हण त्याचीच खूण आहे. मुसलमान कुटुंबांत अकीक्याच्या वेळी बाळाचे केस काढण्यासाठी हेच हत्यार चालते. कंधारपासून जवळच असलेल्या नांदेडमध्ये मात्र, जिथे १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग यांचे निधन झाले, केस न कापणाऱ्या शीख समाजाची मोठी वस्ती आहे. एकाच बाजारपेठेत वस्तऱ्याचा धार्मिक उपयोग आणि धार्मिक निषेध असे दोन्ही नांदतात.

नाभिक समाजातील संत सेना महाराज यांनी आपल्या अभंगांत धोकटीतील साधनांचा परमार्थाच्या रूपकासाठी उपयोग केला आहे. त्यांची पुण्यतिथी श्रावण वद्य द्वादशीस पाळली जाते.

वस्तरा सामाजिक दंडाचेही साधन होता. उच्चवर्णीय विधवांचे केशवपन त्यानेच केले जाई. १८९० मध्ये मुंबईत न्हाव्यांनी सभा भरवून विधवांच्या डोक्यावर वस्तरा न चालवण्याचा निर्धार केला. सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यामागे पुढाकार होता. हत्यार ज्याच्या हातात आहे त्यानेच नकार देणे, या दृष्टीने ही घटना महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात वेगळी आहे. याच्या उलट बाजूही नोंदवणे भाग आहे. अस्पृश्य ठरवलेल्या जातींची हजामत गावचा न्हावी करीत नसे आणि केली तर इतर गिऱ्हाईक त्याच्यावर बहिष्कार टाकीत. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियमाने अशी सेवा नाकारणे गुन्हा ठरवले. १९७६ पासून तो नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून ओळखला जातो.

ब्लेडचा वस्तरा व आरोग्य

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नईत झाली आणि १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली. त्यानंतरच्या जनजागृतीत 'नवीन ब्लेडचा आग्रह धरा' हा संदेश गावोगाव पोचला आणि अखंड पात्याचा वस्तरा दुकानांतून बाहेर पडला. प्रत्यक्षात वस्तऱ्यातून पसरण्याच्या दृष्टीने हिपॅटायटिस बी अधिक धोक्याचा आहे. त्याचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, निदान सात दिवस संसर्गक्षम राहू शकतो. जंतुनाशकाच्या पाण्यात पाते बुडवून काढल्याने ते निर्जंतुक होत नाही. क्लोरीनयुक्त द्रावण परिणामकारक असले तरी कार्बन पोलादाची धार ते खाऊन टाकते. म्हणून एकाच अखंड वस्तऱ्याने अनेकांची दाढी करणे हे, कारागीर कितीही स्वच्छ असला तरी, टाळण्याजोगेच आहे. ब्लेड नवे घेऊन तुरटीचा खडा मात्र सर्व गिऱ्हाइकांना तोच फिरवण्याची चालही तितकीच चुकीची आहे, कारण तो खडा नेमका रक्त आलेल्या जागी लावला जातो. तुरटीची पूड किंवा द्रावण कापसावर घेऊन लावणे व कापूस टाकून देणे योग्य.

२०२० च्या टाळेबंदीत केशकर्तनालये बंद राहिली. २८ जून २०२० पासून राज्य शासनाने ती उघडू दिली तेव्हा केस कापण्यास मुभा होती, पण दाढीसारख्या त्वचेशी संबंधित सेवा सुरुवातीस वगळलेल्या होत्या. हातावर पोट असलेल्या कारागिरांचे उत्पन्न त्यामुळे आणखी काही काळ तुटपुंजे राहिले. याच काळात घरी दाढी करणाऱ्यांची संख्या वाढली आणि काहींनी वस्तराही हाती धरला.

मध्यम खर्चात वरच्या प्रतीचा वस्तरा

साध्या वस्तऱ्यावर हात बसल्यानंतर त्याहून चांगला घ्यावा असे अनेकांना वाटते. निवड करताना पहिला प्रश्न किमतीचा नसून तो कोणाच्या चेहऱ्यावर चालणार हा आहे.

दुकानदारासाठी उत्तर सरळ आहे: ब्लेडचाच वस्तरा, पण बरा. शंभर-दोनशे रुपयांना मिळणाऱ्या पातळ पत्र्याच्या वस्तऱ्यात ब्लेड हलते, पुढे-मागे असमान निघते आणि कापण्याचे प्रमाण त्यानेच वाढते. घट्ट आवळणारी पकड, ब्लेडची धार सर्व लांबीभर सारखीच बाहेर येणे, हाताला पुरेसे वजन, आणि उकळत्या पाण्यात किंवा दाबाच्या वाफेत घालता येईल असे संपूर्ण गंजरोधक पोलाद, एवढे पाहून घेतलेला वस्तरा वर्षानुवर्षे पुरतो. जपानमधील सेकी येथील फेदर या कंपनीचे 'आर्टिस्ट क्लब' वस्तरे या वर्गात नावाजलेले आहेत. त्यांना मात्र नेहमीचे अर्धे ब्लेड चालत नाही. त्याच मापाचे खास ब्लेड लागते आणि ते साध्या ब्लेडच्या अनेक पट महाग पडते. दर गिऱ्हाइकाला नवे ब्लेड घालायचे असल्याने तालुक्याच्या गावातील दरांत हा हिशेब बसत नाही. तेथे साध्या ब्लेडची दोन अर्धी करून चालणारा, पण जड व अचूक पकडीचा वस्तराच व्यवहार्य ठरतो. हत्यारावर एकदाच जास्त खर्च करावा, ब्लेडवर रोज नव्हे.

घरी, केवळ स्वतःच्या दाढीसाठी, अखंड पात्याचा वस्तरा घ्यायचा असेल तर विचार वेगळा आहे. त्यासाठीचा पैसा तीन ठिकाणी जातो: वस्तरा, चामड्याचा पट्टा आणि निसणा. सगळी रक्कम वस्तऱ्यावर खर्चून पट्टा टाकाऊ घेणे ही नेहमीची चूक आहे. चांगल्या पट्ट्यावर फिरवलेला साधा वस्तरा खराब पट्ट्यावर फिरवलेल्या महाग वस्तऱ्यापेक्षा निश्चितच बरी दाढी करतो. नवशिक्याच्या हातून पहिला पट्टा कापला जाण्याची शक्यता मोठी असल्याने तो मध्यम प्रतीचा, परंतु सपाट व निर्दोष कातड्याचा असावा. निसणा लगेच घ्यावाच असे नाही. धार लावून दिलेला वस्तरा घेतल्यास पट्ट्याच्या जोरावर तो काही महिने चालतो.

मध्यम खर्चाच्या मर्यादेत तीन मार्ग उरतात. पहिला चिनी बनावटीचा. 'गोल्ड डॉलर' हे त्यातील सर्वांत परिचित नाव. त्याचे पोलाद किमतीच्या मानाने चांगले असते, पण पाठ एकसारखी घासलेली नसते आणि शेपटाजवळचा उंचवटा दगडाला आडवा येतो. ज्याला दगडावर बसून पाते दुरुस्त करण्याची हौस आहे त्याच्यासाठी हा मार्ग आहे. लगेच दाढी करायची आहे त्याच्यासाठी नाही.

दुसरा मार्ग नव्या युरोपीय वस्तऱ्याचा. सोलिंगनमधील बोकर (स्थापना १८६९) व डोवो (१९०६) आणि फ्रान्समधील थिएर गावची थिएर-इसार (१८८४) ही ठरलेली नावे. त्यांचे साधे नमुनेदेखील भारतात सीमाशुल्कासह दहा हजार रुपयांच्या पुढे जातात, तेव्हा 'मध्यम' या शब्दाची ही वरची कड समजावी. या नमुन्यांत जादा किंमत बहुधा मुठीची आणि सोनेरी नक्षीची असते. त्याच कारखान्याच्या साध्या काळ्या मुठीच्या वस्तऱ्याचे पाते पुष्कळदा त्याच प्रतीचे असते. कारखान्यातून आलेली धार दाढीस तयार असतेच असे नाही. विक्रेता हाताने धार लावून देतो का, हे आधी विचारणे आवश्यक आहे.

तिसरा मार्ग जुन्या वस्तऱ्याचा, आणि मराठवाड्यातील खरेदीदारासाठी तो बहुधा सर्वांत शहाणपणाचा. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार आणि हैदराबादचा जुमेरात बाजार येथे जुने शेफील्ड व सोलिंगन वस्तरे निघतात. त्याहून जवळची जागा म्हणजे न्हाव्याच्या घरातील जुनी धोकटी. ब्लेडचे वस्तरे आल्यापासून तिच्याकडे कुणी पाहिलेले नसते आणि आजोबांच्या हातचा वस्तरा मोडीत जाण्याच्या वाटेवर असतो. असे पाते दगडावर नीट फिरवून घेतले तर नव्या महाग वस्तऱ्याच्या बरोबरीने चालते. दुसऱ्या कुटुंबातील वस्तरा असेल तर मूठ उघडून स्वच्छता, उकळणे आणि नवी धार हे सर्व झाल्याशिवाय तो वापरू नये.

जुना वस्तरा हातात घेतल्यावर प्रथम धारेच्या कडेचा गंज पाहावा. पाठीवरचे किंवा अंगावरचे डाग निरुपद्रवी असतात, परंतु धारेपासून एक-दोन मिलिमीटरच्या आत खोल खड्डे असतील तर घासत गेल्यावर ते नेमके धारेत उघडतात. पाते सपाट काचेवर ठेवून पाहावे. धारेचा मध्य किंचित बाहेर आलेला असेल तर चालते, मध्य आत गेलेला असेल तर तो कातडीवर दोन टोकांनीच टेकतो व चरे पाडतो. पाठीवर दगडाने पडलेला सपाट पट्टा दोन्ही बाजूंना सारख्या रुंदीचा असावा. तो फार रुंद असेल तर पाठ झिजली आहे, म्हणजेच धारेचा कोन बदलला आहे. नखाने टिचकी मारल्यावर स्वच्छ आवाज न येता बद्द आवाज आला तर तडा गेल्याची शंका घ्यावी. मिटताना धार मुठीच्या आतल्या अंगाला घासता कामा नये. ढिली खिळी मात्र हलक्या हातोडीने आवळता येते. तेवढ्यासाठी चांगले पाते सोडू नये.

फसवणूक ओळखणे कठीण नाही. 'दमास्कस' म्हणून विकले जाणारे, लाटांची नक्षी असलेले स्वस्त वस्तरे पुष्कळदा केवळ शोभेचे असतात. नक्षी पृष्ठभागावर कोरलेली असते आणि पात्याला योग्य कडकपणा दिलेला नसतो. वस्तऱ्याचे पोलाद रॉकवेल मापनाने साधारण ६० च्या आसपास कडक असावे लागते. त्याहून मऊ पात्याला धार येते पण दाढी संपेपर्यंत टिकत नाही.

प्रकाराबाबत एकच शिफारस करायची झाल्यास ५/८ किंवा ६/८ रुंदीचे, अर्ध किंवा पूर्ण खोलगट, गोल टोकाचे, कार्बन पोलादाचे पाते मध्यम हाताला सर्वांत सोयीचे पडते. कोकणातील दमट हवेत गंजरोधक पोलादाचा विचार करावा; कंधार-लातूरकडच्या कोरड्या हवेत पावसाळ्याचे चार महिने सांभाळले की कार्बन पोलादाला भीती नाही, आणि त्याला घरच्या घरी धार लावणेही सोपे जाते.

पाजळणे व निगा

धार लावण्याचे काम दोन टप्प्यांत होते. बोथट झालेले पाते दगडावर पाजळतात: प्रथम सुमारे १००० अंकाच्या दगडावर धारेची दोन्ही अंगे एकमेकांना भेटेपर्यंत, मग ४००० व ८००० अंकांवर, आणि हवे असल्यास १२००० अंकावर शेवटचा हात. दगड सपाट असणे त्याच्या अंकापेक्षा महत्त्वाचे. पाते धारेच्या दिशेने पुढे सरकवतात आणि परतताना पाठीवर उलटवतात. धारेवर उलटवले तर ती तिथेच मोडते. दाब देण्याची गरज नसते. हाताखालचे पाते दगडावर चिकटल्यासारखे वाटू लागले की दगड बदलावा.

रोजच्या दाढीपूर्वी मात्र दगड नव्हे, पट्टा लागतो. पट्टा एका टोकाला खुंटीला अडकवून ताणून धरतात आणि पाते पाठ पुढे ठेवून, म्हणजे दगडाच्या बरोबर उलट दिशेने, तीस ते साठ वेळा फिरवतात. पट्टा सैल सोडला तर धार गोल होते. बहुतेक नवशिक्यांची 'वस्तरा कापत नाही' ही तक्रार तेथूनच उगम पावते.

दाढी गरम पाण्याने केस मऊ झाल्यावरच करावी. मराठवाड्यात विहिरीचे व कूपनलिकेचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असल्याने साबणाचा फेस टिकत नाही. अशा ठिकाणी दाढीपुरते पावसाचे किंवा गाळणी यंत्रातील पाणी वापरल्यास फरक चटकन जाणवतो. पाते कातडीशी साधारण तीस अंशांनी धरून दुसऱ्या हाताने कातडी ताणतात व पहिला हात केसांच्या वाढीच्या दिशेनेच फिरवतात. रक्त पातळ करणारी औषधे घेणारे आणि मधुमेहामुळे जखमा उशिरा भरणारे यांनी उघड्या धारेचा वस्तरा टाळावा. केस आत वळून पुटकुळ्या येणाऱ्यांनी उलट्या दिशेने दाढी करू नये.

वापरानंतर पाते पुसून, पट्ट्यावर पाच-दहा वेळा फिरवून, तासभर उघडे ठेवतात आणि मगच मिटतात. ओले पाते मिटणे हे गंजाचे पहिले कारण आहे. पावसाळ्यात शिलाई यंत्राच्या तेलाचा पुसट हात पुरेसा होतो. मराठवाड्यात घराघरांत असलेले करडईचे तेल त्यासाठी योग्य नाही. ते हवेत वाळून चिकट पापुद्रा धरते आणि पुढच्या वेळी पट्टाही खराब करते.